मदत हवी आहे : बातमीचा वाचकावर होणारा परिणाम तपासायचा कसा?

नमस्कार मंडळी. माध्यम अभ्यासाच्या प्रकल्पासाठी एकाच मोर्चाच्या बातम्या वेगवेगळ्या वर्तमानपत्रांत कशा आल्या, ते पाहतेय. मांडणीतले फरक सहज सापडले. एकीकडे मथळा ‘पोलिसांच्या लाठीमारात दहा जखमी’, दुसरीकडे नुसतंच ‘मोर्चात दहा जखमी’. मारणारा वाक्यातूनच गायब! फोटोचंही तेच. कॅमेरा पोलिसांच्या मागे उभा असला की जमाव अंगावर येतोय असं वाटतं, मोर्चेकऱ्यांमधून घेतला की चेहरे दिसतात. शिवाय कोणाचं म्हणणं पहिल्या परिच्छेदात आणि कोणाचं शेवटच्या ओळीत, हेही आहेच.

अडलंय ते पुढे. ब्रिटनमधले माध्यम-संस्कृतीचे अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये मांडलं की वाचक-प्रेक्षक अर्थ तीन प्रकारे लावू शकतात : अपेक्षित तसा स्वीकारणं, काही मान्य करून काही नाकारणं, किंवा पूर्ण उलटा वाचणं. मग नुसत्या मथळ्यांवरून ‘वाचकांचं मत असं घडतं’ म्हणणं मला तरी घाईचं वाटतं. (मार्गदर्शकांना तसं वाटत नाही, तो वेगळा विषय.)

वाचकांशी बोलायचं तर गटचर्चा बरी की एकेकट्याची मुलाखत? गटात एक मोठ्या आवाजाचा माणूस सगळ्यांना ओढून नेतो, ही भीती आहे. आणि वर्तमानपत्राचं नाव झाकून बातमी द्यावी का? नाव दिसलं की लोक आधीच बाजू ठरवतात. पण झाकलं तर ते रोजच्यासारखं वाचन उरत नाही. असं काम कोणी केलंय का? प्रश्नावलीचा नमुना मिळाला तर फारच उत्तम.