मदत हवी आहे: दोन मुलं आणि सासूबाईंसह नाशिक सोडून रत्नागिरीला जायचं की नाही?

नमस्कार मंडळी,

आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याला राहतो. नवरा अंबड एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे. त्याला जयगडच्या बाजूच्या एका कंपनीत चांगली संधी आलीय. पगार बऱ्यापैकी वाढतोय, रात्रपाळी सुटतेय, आणि महिनाअखेरीपर्यंत हो की नाही ते कळवायचंय. रुजू व्हायचं मे महिन्यात. घरात आम्ही दोघं, मुलगा (आठवीत, जूनमध्ये नववीत जाईल), मुलगी (पहिलीत) आणि सासूबाई.

गणपतीपुळे, आरे-वारे, थिबा पॅलेस हे सगळं सहलीला येऊन बघितलंय. तेव्हा "अय्या, समुद्र! नशीबवान आहात" असे प्रतिसाद कृपया नकोत, ते घरच्या ग्रुपवर ढिगाने आलेत. दोन नातेवाइकांनी तर मे महिन्यात आमच्याकडे राहायला यायचं ठरवूनही टाकलंय, आम्ही अजून घरसुद्धा बघितलेलं नाही. मला विचारायचंय ते जुलैमधल्या एखाद्या मंगळवारचं. शाळा आहे, डबे आहेत, बाहेर धो धो पाऊस आहे आणि लाइट गेलेत. असा दिवस तुमच्याकडे कसा जातो?

सगळ्यात मोठा प्रश्न मुलाचा. तो स्टेट बोर्डाच्या सेमी इंग्रजीत आहे. पुस्तकं बालभारतीचीच, त्यामुळे अभ्यासक्रम बदलणार नाही एवढं समजतं. पण नववीत शाळा बदलायची, पुढच्याच वर्षी दहावी, आणि नाशिक विभागीय मंडळातून कोकण मंडळात जायचं. दहावीच्या निकालात कोकण विभाग दरवर्षी पहिला असतो हे पेपरात वाचतो, पण त्याने माझ्या पोराच्या पोटातला गोळा कमी होत नाही. दहावीत बदली करणं किचकट, म्हणजे गेलो तर आत्ताच, नाहीतर दहावी झाल्यावर. अकरावीचे प्रवेश आता राज्यभर ऑनलाइन झालेत, तेव्हा दोन वर्षं थांबणंही जमू शकतं. दोन्ही बाजूंनी पटतं, म्हणून अडकलोय.

शिवाय तो धावतो. धावपटू कविता राऊतच्या जिल्ह्यातली पोरं, त्यामुळे इथे पहाटे मैदानावर गेलं की धावणाऱ्यांची कमी नाही, चांगले प्रशिक्षकही आहेत. तो काही ऑलिंपिकला चाललेला नाही, पण पहाटे पाचला कोणी हाक न मारता उठतो, आणि तेरा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ही गोष्ट मी सहजासहजी हातची जाऊ देणार नाही. रत्नागिरीत ॲथलेटिक्सचं काय आहे?

मुलीला बाळदम्याचा त्रास आहे. नाशिकची कोरडी थंडी पडली की डिसेंबर-जानेवारीत नेब्युलायझर बाहेर निघतो. सगळे म्हणतात समुद्राची हवा मानवेल. आमचे डॉक्टर मात्र म्हणाले, हवेपेक्षा घर बघा. भिंतीला ओल आणि बुरशी असेल तर थंडीत होतो तोच त्रास पावसाळ्यात होईल. हे ऐकल्यापासून मी कोकणातल्या घरांचे फोटो बघताना दिवाणखाना सोडून कोपरेच बघते.

नवऱ्याचे एक मित्र रत्नागिरीला असतात, त्यांच्याकडे पावसाळ्यात एकदा मुक्काम झाला होता. वहिनींनी कपाट उघडलं तर आत दिवा चालू. मला वाटलं बंद करायचा राहिला. त्या म्हणाल्या, अहो, साड्यांना बुरशी येते, पावसाळाभर तो असाच ठेवतो. कुकरच्या हँडलचा स्क्रू तांबूस झालेला, शेगडीच्या पायांखाली गंजाचे गोल डाग, मिठाच्या बरणीत तांदळाचे दाणे. बाई मजेत होत्या, तक्रारीचा सूरच नव्हता. मला मात्र तेव्हाच कळलं की तिथलं घर चालवणं वेगळं शिकावं लागेल.

माझं काम घरून चालतं. नाशिकच्या छोट्या व्यापाऱ्यांची जीएसटीची रिटर्न्स भरते. दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेला मला लाइट आणि नेट दोन्ही लागतं, त्यात सबब चालत नाही. जुलैत इन्कम टॅक्सचीही गर्दी असते. आणि तुमचा पाऊस नेमका तेव्हाच जोरात! नाशिक शहरात वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पडतो, तुमच्याकडे तीन हजारांच्या वर. इन्व्हर्टर घेऊच, पण सलग किती तास वीज जाते? फायबर टिकतं का?

सासूबाईंची दोन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालीय. इथे मुंबई नाक्यापासून अर्ध्या तासात तीन-चार मोठी हॉस्पिटलं आहेत. तिथे रात्री दोनला छातीत दुखलं तर काय? त्यांना स्वतःला ही काळजी नाही. त्या निफाडच्या, शेतातली भाजी खाऊन मोठ्या झालेल्या. त्यांचा एकच प्रश्न: "तिथं मेथीची जुडी केवढ्याला?"

घर कुठे घ्यावं तेही सांगा. जयगडजवळ राहिलो तर नवऱ्याचा वेळ वाचतो, रत्नागिरीत राहिलो तर आमची सोय होते. सुरुवातीला भाड्यानेच राहणार. इथला फ्लॅट विकायचा नाही, रजिस्टर्ड करार करून भाड्याने देऊ. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय, भाडेकरू मिळायची चिंता नाही. (कुंभमेळ्याला आमच्याकडे उतरायचं ठरवलेल्या मंडळींना अजून काही सांगितलेलं नाही.)

आणि एक नाजूक प्रश्न. शाळेत मुलांना "घाटी" म्हणून चिडवतात का? रागावणार नाही, खरं सांगा.

झाडगावकर यांचा प्रतिसाद

ताई, मी जन्मापासून रत्नागिरीत. जुलैतला मंगळवार विचारलात म्हणून लिहायला बसलो.

घर रत्नागिरीतच घ्या. जयगड इथून पन्नासेक किलोमीटर, निवळीवरून जावं लागतं. रस्ता वळणांचा आहे, पण कंपनीची बस असेल तर रोज जाणारे पुष्कळ आहेत. वाटद-खंडाळ्याला राहणं यजमानांना जवळ पडेल, पण दहावीच्या तोंडावरचा मुलगा, दम्याची मुलगी आणि हृदयाचं दुखणं असलेल्या आजी घेऊन तिथे राहू नका. इथे जिल्हा रुग्णालय आहे, आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही झालंय, खासगी हृदयरोगतज्ज्ञही मिळतात. मोठं काही निघालं तर लोक कोल्हापूर गाठतात, साधारण १३० किलोमीटर, मध्ये आंबा घाट. डेरवणचं वालावलकर रुग्णालयही आहे. तुमचा अर्धा तास इथे मिळणार नाही, ते धरूनच चाला. आल्या आल्या आजींची फाइल घेऊन इथल्या डॉक्टरांना एकदा भेटून या, रात्री दोनची वेळ यायच्या आधी.

मेथीबद्दल: नाशिकपेक्षा महागच. आमची बरीचशी भाजी आणि पिशवीतलं दूध घाटावरून येतं. पावसात आंबा घाटात दरड आली की बाजारात कोथिंबिरीकडे नुसतं बघायचं. पण पावसाळ्यात टाकळा, भारंगी, कुर्डू अशा रानभाज्या घेऊन बायका बाजारात बसतात. आजींना त्या ओळखायला आवडतील.

घर बघताना पहिल्या मजल्याच्या वरचं, पश्चिमेची भिंत उघडी नसलेलं बघा. समुद्राकडून येणारा पाऊस आडवा मारतो आणि ओल त्याच भिंतीतून येते. समुद्र दिसणाऱ्या खिडकीचं भाडं जास्त घेतात आणि बुरशीही तिथेच. तुमच्या मुलीसाठी नाचणे, शिवाजीनगर, मारुती मंदिर या बाजूला आत बघा. मेमध्ये घर कोरडं ठणठणीत दिसतं आणि नवा रंग असेल तर काहीच कळत नाही, म्हणून खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना विचारा. वीज गडगडाटी पावसात जाते, बहुतेकदा तासा-दोन तासांत येते, वादळ झालं तर गोष्ट वेगळी. निसर्ग वादळात, जून २०२० मध्ये, दापोली-मंडणगडकडे गावंच्या गावं कितीतरी दिवस अंधारात होती. तुम्ही २० तारखेची कामं १८ ला उरका आणि दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा.

समुद्राचं मुलांना पहिल्याच दिवशी सांगा: पावसाळ्यात पाण्यात जायचं नाही, म्हणजे नाहीच. १ जून ते ३१ जुलै मच्छीमारीलाही बंदी असते. आम्ही इथलेच असून आमच्यातले कितीतरी जण समुद्रात कधी पोहत नाहीत. गणपतीपुळ्याला बुडतात ते बहुतेक बाहेरून आलेले. आणि जांभ्या दगडाच्या गडग्यात, म्हणजे कुंपणाच्या भिंतीत, हात घालायचा नाही, फुरसं असतं, विषारी साप. संध्याकाळनंतर अंगणात बॅटरी घेऊनच.

धावण्याचं म्हणाल तर इथे जोर खो-खोचा आणि कबड्डीचा. नाशिकसारखी धावणाऱ्यांची फौज नाही. पण ओहोटीला भाट्याच्या किनाऱ्याची ओली वाळू कडक होते आणि पुळण लांब सपाट आहे. भरती-ओहोटीची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते, तेव्हा पाचचा गजर पंधरवड्यात काही दिवसच जुळेल.

चिडवतात. आठ दिवस. मग एकदा कैऱ्या पाडायला बरोबर गेला की संपलं.

दापोलीच्या एक ताई, मूळ ठाण्याच्या

आम्ही मुलगी नववीत असताना आलो. शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि निकालपत्रक एवढ्यावर प्रवेश झाला. दाखल्यावरचं नाव, जन्मतारीख आणि आधारवरचं नाव अक्षर न् अक्षर जुळतंय ना, ते नाशिकहून निघण्याआधी बघा. दहावीचा फॉर्म भरताना तेच आडवं येतं. शाळेत वर्गात मुलं कमी असतात, शिक्षक घरी फोन करतात. क्लासेसची निवड मात्र शहरासारखी नाही. माझ्या मुलीला अभ्यासाचं नाही, मैत्रिणींचं जड गेलं. पहिली दिवाळी आम्ही मुद्दाम ठाण्याला केली नाही, इथेच राहिलो. तेव्हापासून जरा रुळली.

रत्नागिरीचे, पण वीस वर्षं नाशकात असलेले एक काका

मी उलटं सांगतो. यजमानांना एकट्याला मेमध्ये जाऊ दे, तुम्ही दहावीनंतर जा. नाशिक रोडहून मंगला एक्स्प्रेस थेट रत्नागिरीला जाते, आम्ही त्यानेच ये-जा करतो. फक्त जूनपासून कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागतं, गाड्या हळू चालतात. गाडीने जायचं तर मुंबई-गोवा महामार्गाबद्दल मी तोंड उघडत नाही. २०११ पासून काम चालू आहे.

आणि पाण्याचं कोणी लिहिलं नाही. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडला तरी जांभा पाणी धरत नाही, एप्रिल-मेमध्ये विहिरी तळाला जातात. रत्नागिरी शहराला शीळ धरणाचं पाणी आहे, पण नगरपरिषदेची हद्द संपली की ग्रामपंचायतीची योजना. घर बघताना हे विचारा, बिल्डर आपणहून सांगत नाही.

धागाकर्तीचा प्रतिसाद

सगळ्यांचे आभार. सासूबाईंना पूर्ण धागा वाचून दाखवला. भारंगी त्यांना माहीत नव्हती, आता रोज विचारतात.

काका, तुमचा सल्ला नवऱ्याला पटला, मला नाही. दोन वर्षं तो तिकडे आणि मी इथे दम्याची मुलगी, दहावीचा मुलगा आणि सासूबाई घेऊन. तो महिन्यातून एकदा येणार आणि दोन्ही मुलं त्याला पाहुण्यासारखी वागवणार. आमच्या बिल्डिंगमध्ये असं एक घर आहे, मी रोज बघते. मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "जायचं तर नववीतच जाऊ, दहावीत नको." भाट्याच्या वाळूचं वाचून त्याने भरती-ओहोटीचं वेळापत्रकही शोधून काढलंय.

तेव्हा आमचं जवळपास हो ठरलंय. मार्चअखेरीस शनिवार-रविवार धरून घरं बघायला येतोय. नाचण्याला एक आणि कुवारबावला स्टेशनच्या बाजूला एक अशी दोन घरं फोनवर बघून ठेवलीत. कुवारबावचं भाडं कमी आहे आणि घरमालक म्हणतात "पाण्याचं काही टेन्शन नाही". काकांचं वाचल्यावर मला तेवढ्यावर भागत नाही. कुवारबावला राहणारं कोणी असेल तर मे महिन्यात नळ किती दिवसाआड येतो आणि टँकर कोणाच्या पैशाने येतो, एवढं सांगा. आणि नाचण्याच्या बाजूने शाळेची रिक्षा दुसरीच्या मुलीला घरापासून घेते की मुख्य रस्त्यावर आणून सोडावं लागतं, तेही.