देशांची शाश्वत ऊर्जेतली प्रगती मोजायची कशी? धोरणाचे गुण आणि प्रत्यक्ष आकडे जुळत नाहीत

कोथरूडची_आकडेवही

भारत, नेपाळ, बांगलादेश, केनिया आणि व्हिएतनाम या पाच देशांचा तुलनात्मक तक्ता करते आहे. पुण्यातल्या महाविद्यालयांच्या ऊर्जा मंडळांसमोर मांडायचा आहे. दोन ठिकाणचे आकडे घेतले: संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास ध्येय ७ (सर्वांना परवडणारी, स्वच्छ ऊर्जा) चे निर्देशक आणि जागतिक बँकेच्या 'राइज' या, देशांची ऊर्जा धोरणं तपासणाऱ्या मोजणीचे धोरण-गुण. तीन ठिकाणी अडलं आहे.

एक, एकूण ऊर्जावापरातल्या नवीकरणीय वाट्यात नेपाळ भारताच्या कितीतरी पुढे दिसतो, आणि भारतात एवढी सौरऊर्जा वाढूनही वाटा त्या मानानं हलत नाही. दोन, राइजचे गुण आणि जमिनीवरची प्रगती यांचा मेळ बसत नाही. तीन, हे सगळं मिळून प्रत्येक देशाला एकच गुण देता येईल का? शिवाय हीच मोजपट्टी मुळशी, भोर, वेल्हे भागातल्या वाड्यांना लावायची झाली तर काय करावं लागेल?

ऊर्जालेखा

पहिल्या प्रश्नाचं उत्तर चुलीत आहे. निर्देशक ७.२.१ मध्ये, म्हणजे तुम्ही म्हणता त्या नवीकरणीय वाट्यात, 'नवीकरणीय' या सदरात सरपण, गोवऱ्या, काडीकचरा सगळं धरलं जातं. नेपाळची वीज जवळपास सगळी जलविद्युत आहे हे खरं, पण एकूण ऊर्जावापरात विजेचा भाग लहान आणि सरपणाचा मोठा. त्या आकड्याला मुख्य वजन सरपणाचं आहे. इथिओपियाचा वाटा तर नव्वद टक्क्यांच्या आसपास जातो आणि तिथे कोट्यवधी लोक आजही धुरात स्वयंपाक करतात.

एका सिलिंडरचा हिशोब मांडा, लगेच लक्षात येईल. १४.२ किलो गॅस, किलोला साधारण ४६ मेगाज्यूल, म्हणजे ६५० मेगाज्यूल. शेगडीची कार्यक्षमता ५७ टक्के धरली तर भांड्याला मिळते ३७० मेगाज्यूल उष्णता. तेवढीच उष्णता साध्या चुलीवर मिळवायची तर? लाकूड किलोला १६ मेगाज्यूल, चुलीची कार्यक्षमता १२ टक्के, म्हणजे किलोमागे हाती लागतात जेमतेम १.९. सुमारे १९५ किलो लाकूड जाळावं लागतं आणि ऊर्जालेख्यात (देशाच्या ऊर्जेच्या जमाखर्चात) नोंद होते ३१०० मेगाज्यूलच्या पुढे, तीही सगळी 'नवीकरणीय' म्हणून. आता घर गॅसवर गेलं की ३१०० नवीकरणीय मेगाज्यूल लेख्यातून जातात आणि ६५० जीवाश्म इंधनाचे येतात. बाईच्या फुफ्फुसांच्या दृष्टीनं मोठी प्रगती झाली, ७.१.२ (स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणाऱ्यांचं प्रमाण) सुधारला, आणि ७.२.१ मात्र घसरला.

म्हणून तक्त्यात ७.२.१ चे दोन रकाने करा: पारंपरिक जैवइंधन धरून आणि ते वगळून. भारताची सौर आणि पवन वाढ दुसऱ्या रकान्यात स्वच्छ दिसेल.

ऊर्जा तीव्रतेच्या, म्हणजे राष्ट्रीय उत्पन्नाच्या दर डॉलरमागे लागणाऱ्या ऊर्जेच्या, ७.३.१ मध्येही असाच एक सापळा आहे. प्राथमिक ऊर्जा मोजताना सौर आणि पवनची एक युनिट ३.६ मेगाज्यूलच धरतात. तीच युनिट ३५ टक्के कार्यक्षमतेच्या कोळसा केंद्रातून आली तर लेख्यात १०.३ मेगाज्यूल लागतात. म्हणजे एकही पंप, पंखा, भट्टी न सुधारता नुसता कोळशाऐवजी सौर घातला तरी तीव्रता कमी दिसते. ही वाईट गोष्ट नाही, पण तिला 'ऊर्जाबचत' म्हणून खपवू नका. आणि मालिका उतरवून घेताना डॉलरच्या क्रयशक्तीचं आधारवर्ष बघा. २०११ आणि २०१७ च्या आधारावरचे आकडे एका आलेखात आले की मधेच खोटी पायरी दिसते.

नियमवाचक

राइजबद्दल लिहितो. ते काय मोजतं हे आधी पक्कं करायला हवं. २०१४ मध्ये १७ देशांवर चाचणी झाली, नंतरच्या आवृत्त्यांत देश वाढत शंभराच्या पुढे गेले. चार स्तंभ: विजेची उपलब्धता, स्वच्छ स्वयंपाक, नवीकरणीय ऊर्जा, ऊर्जा कार्यक्षमता. प्रश्न बहुतेक हो-नाही स्वरूपाचे: कायदा आहे का, लक्ष्य जाहीर आहे का, ग्रिडजोडणीचा खर्च कोणी सोसायचा हे नियमात लिहिलंय का. गुण ० ते १००. ३३ पर्यंत लाल, ६६ पर्यंत पिवळा, वर हिरवा. उत्तराचा आधार असतो अधिसूचना किंवा कायद्याचा मजकूर. नियम अमलात आला की नाही, हे त्यात फारसं येत नाही.

ही राइजची उणीव मानू नका. ते कागदच मोजायला बनवलं आहे, आणि कागदाशिवाय गुंतवणूक येत नाही. चूक होते ती हे गुण प्रगतीच्या रकान्यात टाकल्यामुळे.

तुमच्याच यादीतले दोन देश घ्या. केनियात फीड-इन दराचं (नवीकरणीय वीज ठरलेल्या दरानं विकत घेण्याचं) धोरण २००८ पासून आहे. तुर्काना सरोवराजवळचा ३१० मेगावॉटचा पवन प्रकल्प, ८५० किलोवॉटच्या ३६५ टर्बाइनचा, २०१७ मध्ये उभा राहिला. पण सुस्वा उपकेंद्रापर्यंतची चारशेहून जास्त किलोमीटरची पारेषण वाहिनी रखडली आणि वीज ग्रिडमध्ये गेली २०१८ च्या उत्तरार्धात. मधल्या काळात टर्बाइन नुसत्या उभ्या. व्हिएतनाममध्ये याच्या उलट घडलं. २०१७ मध्ये सौर विजेला युनिटमागे ९.३५ सेंटचा दर जाहीर झाला, मुदत जून २०१९ अखेर. नंतर दुसऱ्या दराची मुदत डिसेंबर २०२० अखेर. जवळपास शून्यावरून सौर क्षमता २०२० च्या शेवटी सोळा हजार मेगावॉटच्या वर गेली. सगळी घाई निन्ह थुआन, बिन्ह थुआन अशा उन्हाच्या प्रांतांत झाली, तिथल्या वाहिन्या अपुऱ्या पडल्या आणि तयार होऊ शकणारी वीज ग्रिडमध्ये न घेता सोडून द्यावी लागली. एका ठिकाणी दर होता पण तार नव्हती. दुसऱ्या ठिकाणी दराला मुदत होती, पण त्या मुदतीशी जुळवलेलं पारेषणाचं वेळापत्रक नव्हतं.

म्हणून राइजमधला एकूण गुण घेऊ नका. उपघटकांपर्यंत उतरा. तुमच्या कामाचे तीन: ग्रिडजोडणी आणि वापर, वीज खरेदीदाराची पत, आणि नियोजनात पारेषण आहे का. प्रत्येक 'हो'च्या मागचा दस्तऐवज उघडून तारीख लिहून घ्या. मग धोरण ते पहिली युनिट यांतलं अंतर वर्षांत काढा. हे अंतर गुणांपेक्षा जास्त बोलकं असतं. आणखी एक: विजेच्या उपलब्धतेचा स्तंभ मुळात जिथे वीज पोचायची बाकी आहे अशा देशांसाठी आहे. त्यामुळे पाचही देशांना तो सारखा लागू आहे का, हे आधी तपासा.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर इमारतींची ऊर्जा संहिता घ्या. केंद्रानं २००७ मध्ये आणली, २०१७ मध्ये सुधारली. १०० किलोवॉट जोडभार किंवा १२० केव्हीए मागणीच्या व्यापारी इमारतींसाठी. पण बंधनकारक व्हायला राज्याची अधिसूचना लागते, आणि त्यानंतर महापालिकेच्या बांधकाम परवानगीच्या टेबलावर ती कोणीतरी तपासावी लागते. देशाच्या गुणात पहिलीच पायरी मोजली जाते.

कोथरूडची_आकडेवही

दोन रकाने करते आहे. आणखी एक शंका. भारताची निम्मी वीजनिर्मिती क्षमता बिगर-जीवाश्म झाली असं २०२५ मध्ये जाहीर झालं. तो आकडा प्रगती म्हणून घेऊ का?

ऊर्जालेखा

घ्या, पण 'क्षमता' असं ठळक लिहून. १ मेगावॉट सौर, १८ टक्के वापर गुणांकानं (म्हणजे वर्षभराची सरासरी पूर्ण क्षमतेच्या १८ टक्के), वर्षाला सुमारे १५.८ लाख युनिट देतो. १ मेगावॉट कोळसा ६५ टक्क्यांनी चालला तर जवळपास ५७ लाख. क्षमता निम्मी झाली तरी प्रत्यक्ष विजेत कोळशाचा वाटा अजून सर्वांत मोठा आहे. शेजारी निर्मितीचा रकाना ठेवा, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे मासिक अहवाल त्यासाठी पुरतात. आणि बिगर-जीवाश्ममध्ये अणुऊर्जा येते, नवीकरणीयमध्ये येत नाही. भारतानं मोठे जलविद्युत प्रकल्प मार्च २०१९ मध्ये नवीकरणीय धरले, त्यामुळे त्याआधीच्या आणि नंतरच्या सरकारी टक्केवारीची थेट तुलना करू नका.

फीडर_अकरा_केव्ही

वाड्यांबद्दल. 'वीज पोचली' या हो-नाहीवर थांबू नका. देशातली सगळी गावं एप्रिल २०१८ मध्ये विद्युतीकृत जाहीर झाली तेव्हा व्याख्या होती: शाळा, पंचायत, आरोग्य केंद्र अशा सार्वजनिक जागा आणि किमान १० टक्के घरं. घरांसाठी सौभाग्य योजना सप्टेंबर २०१७ ची, ती वेगळी.

घरात प्रत्यक्ष पोचणारी वीज स्तरांत मोजणारी जागतिक बँकेची बहुस्तरीय चौकट वापरा. स्तर ० ते ५. पहिला स्तर म्हणजे ३ वॉट आणि दिवसाला ४ तास, दिवा आणि मोबाईल चार्जिंग. बांगलादेशातल्या चाळीस लाखांवर सौर गृहसंचांतले बरेचसे पहिल्या-दुसऱ्या स्तरातले. तिसरा: २०० वॉट, ८ तास. चौथा: ८०० वॉट, १६ तास, संध्याकाळी सहा ते दहा पूर्ण, आणि आठवड्याला १४ पेक्षा जास्त वेळा लाईट जाऊ नये. पाचवा: २ किलोवॉट, २३ तास, आठवड्यात जास्तीत जास्त ३ वेळा आणि एकूण दोन तासांच्या आत. त्याशिवाय व्होल्टेज, परवडणं (वर्षाला ३६५ युनिटचं बिल उत्पन्नाच्या ५ टक्क्यांच्या आत), अधिकृत जोडणी, सुरक्षितता. घराचा स्तर ठरतो सर्वांत कमी पडणाऱ्या गुणधर्मावर, सरासरीवर नाही. २ किलोवॉटचं कनेक्शन असलं आणि संध्याकाळी दोनच तास लाईट असली तर घर दुसऱ्या स्तरात.

मोजणी कशी करायची: पुण्यातल्याच प्रयास ऊर्जा गटानं मिनिटामिनिटाला व्होल्टेज नोंदवणारी यंत्रं घराघरांत लावून हे काम दाखवून दिलं आहे, तीच पद्धत घ्या. यंत्राला स्वतःची बॅटरी हवी, नाहीतर लाईट गेल्यावर नोंदच बंद पडते आणि नंतर 'लाईट नव्हती' की 'यंत्र बिघडलं' हे कळत नाही. यंत्र इन्व्हर्टरवरच्या सॉकेटला लावू नका, सगळं छान दिसेल. मीटरजवळचा थेट सॉकेट शोधा. वेल्ह्याकडे रेंज जाते, म्हणून नोंदी यंत्रातच साठल्या पाहिजेत. एका रोहित्रावर (ट्रान्सफॉर्मरवर) तीन घरं निवडा, तिन्ही वेगवेगळ्या फेजवर, कारण एकच फ्यूज उडाला तर तिसरा हिस्सा वस्ती अंधारात असते आणि उपकेंद्राच्या वहीत फीडर (उपकेंद्रातून निघणारी वाहिनी) चालू असतो. मळ्यातली वस्ती शेतीच्या फीडरवर आहे का तेही लिहा. तिथे तीन फेजचा पुरवठा पाळीनं मिळतो आणि गावठाणापेक्षा स्तर हमखास खाली येतो. पावसाळ्याचे आणि उन्हाळ्याचे आठवडे वेगळे ठेवा. देखभालीसाठी गुरुवारी घेतलेला बंदही धरायचा. जाहीर केलेला असला तरी घरात लाईट नसतेच.

स्वयंपाकासाठीही हाच नियम. गॅसचं कनेक्शन मोजू नका, भरणा मोजा, म्हणजे वर्षाला किती सिलिंडर भरून घेतले ते. उज्ज्वला ग्राहकांचा सरासरी वार्षिक भरणा २०१९-२० मध्ये ३ सिलिंडरच्या आसपास होता, २०२३-२४ मध्ये ४ च्या जवळ. वर्षभराचा सगळा स्वयंपाक एवढ्यात होत नाही, म्हणजे चूल पेटते आहे.

नियमवाचक

एकच गुण देण्याबद्दल: देऊ नका. निती आयोगाचा २०२२ चा राज्यांचा ऊर्जा आणि हवामान निर्देशांक बघा. वितरण कंपनीच्या कामगिरीला ४० टक्के वजन, ऊर्जा कार्यक्षमतेला ६. वितरण कंपन्यांची तब्येत हा आपल्याकडचा मूळ प्रश्न आहे, त्यामुळे वजन समजण्यासारखं आहे. पण वजन उलटं केलं तर क्रमवारीही बदलेल. मंडळातले लोक क्रमांकच मागतील. तेव्हा तीन क्रमांक द्या: धोरणाचा, क्षमता आणि निर्मितीचा, घरात पोचलेल्या ऊर्जेचा.

फीडर_अकरा_केव्ही

मला एकूण गुण चालेल, पण बेरीज नको, तिन्हींपैकी सर्वांत कमी तो घ्या, स्तरांसारखाच. धोरण हिरवं आणि घर दुसऱ्या स्तरात असलं तर देशाला हिरवा रंग मिळता कामा नये.

कोथरूडची_आकडेवही

दोन्ही ठेवते: तीन रकाने, आणि शेवटी किमान गुण. वाड्यांसाठी आम्ही आधी एकाच रोहित्रावर तीन यंत्रं लावून बघतो. फेज ओळखायला मीटरपेटी उघडावी लागेल का?

फीडर_अकरा_केव्ही

पेटी अजिबात उघडू नका, सील असतं. लाइनमनला विचारा. किंवा तिन्ही यंत्रांच्या एका आठवड्याच्या नोंदी शेजारी मांडा. एकाच फेजवरच्या घरांचं व्होल्टेज साधारण एकाच मिनिटाला वरखाली होतं. दोन आलेख चिकटून चालले की त्यांतलं एक यंत्र हलवायचं.