रायबोसोम सगळ्यांत सारखाच कसा काय?

खानापूरची पोरगी: दह्यातल्या बॅक्टेरियात आणि माझ्यात रायबोसोमचा (पेशीत प्रोटीन बनवणारं यंत्र) गाभा एकच म्हणे. पण रायबोसोममध्ये प्रोटीन असतंय आणि प्रोटीन तर रायबोसोमच बनवतंय, मग पहिला आला कुठनं ओ?

निपाणीकर: अगं खरी गंमत तिथंच आहे की! २००० साली रचना नीट दिसली तेव्हा कळलं, अमिनो आम्लं (प्रोटीनच्या माळेतले मणी) जोडतात त्या जागी प्रोटीन नाहीच, नुसता आरएनए (डीएनएचा भाऊबंद रेणू), म्हणजे मूळ काम आरएनएचं, प्रोटीनं मागनं येऊन चिकटली असणार. २००९ चं नोबेल यालाच, वेंकी रामकृष्णन, स्टाइट्झ, आदा योनाथ.

टिळकवाडी: तंतोतंत सारखा नव्हे हं, बॅक्टेरियाचा ७०एस, आपल्या पेशीतला ८०एस (एस म्हणजे फिरवल्यावर किती वेगानं खाली बसतो त्याचं माप), रचनेत असा फरक आहे म्हणून तर एरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक त्यांचा अडवतंय, आपला नाही.

खानापूरची पोरगी: आत्ता डोक्यात शिरलं! वहीतल्या आकृतीत आरएनए लाल पेनानं गिरवून घेतला.