मदत हवी आहे: पुराच्या वेळी मांजरी, कुत्रा आणि गोठ्यातली गाय कशी हलवायची?

काजवा:
घर सखल भागात आहे. इशारा आला तर हाताशी दोन-तीन तास मिळतील. 4 किलोच्या दोन मांजरी, 22 किलोचा कुत्रा, मागे गाय-वासरू. मांजरी पिंजरा दिसला की पलंगाखाली पसार, कुत्रा मोठ्या आवाजाला बिचकतो. मांजरी पिंजऱ्यात कशा घालायच्या? सोबत काय, किती न्यायचं? गाय नेता आलीच नाही तर? आणि गुंगीचं औषध दिलं तर चालेल का?

रानवारा:
पिंजऱ्याचं आजच सुरू करा. एरवी तो फक्त डॉक्टरकडे जाताना बाहेर निघतो, म्हणून त्या पळतात. दार काढून तो त्यांच्या झोपायच्या जागी ठेवा, आत त्यांचंच वापरलेलं फडकं टाका आणि जेवणाची वाटी रोज थोडी थोडी आत सरकवा. आत निवांत जेवायला लागल्या की मग दार बसवून काही सेकंद लावायचं, पुढे वेळ वाढवायची. दोघींना दोन पिंजरे हवेत. घाबरल्या की सख्ख्या बहिणीही एकमेकींवर तुटून पडतात.

इशारा आल्यावर आधी मांजरी न्हाणीघरात कोंडा, मग सामान बांधा. बहुतेक लोक नेमकं उलट करतात आणि निघायच्या वेळी पलंगाखाली झाडू फिरवत बसतात. पिंजरा उभा करून दार वर आणा, मांजर टॉवेलात गुंडाळा आणि मागच्या पायांकडून आत सोडा. डोक्याकडून घातली तर चारही पाय कडेला रोवते.

कुत्र्याला नुसता पट्टा नको, छातीचा हार्नेसही घाला. बिचकलेला कुत्रा मागे सरकत मान पट्ट्यातून सोडवून घेतो.

गुंगीचं औषध मनाने नाही. काहींनी रक्तदाब उतरतो आणि शरीराचं तापमान सांभाळलं जात नाही. माणसांचं पॅरासिटामॉल तर मांजरीला अजिबात नको, जीव जातो.

पाणी: कुत्र्याला दिवसाला सव्वा लिटर, मांजरींना मिळून अर्धा, सात दिवसांचे सव्वाबारा लिटर धरा. खाणं नेहमीचंच न्या, नवीन दिलंत तर जुलाब ठरलेले. लसीकरणाचे कागद आणि जनावरासोबतचा तुमचा फोटो फोनमध्ये ठेवा. हरवलं तर मालकी दाखवायला तोच कामी येतो. मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) असेल तर नोंदणीतला फोन नंबर चालू आहे का ते बघा.

ओंजळ:
गाय उजेड असताना, पाणी चढायच्या आधीच उंचावर न्या. वासरू पुढे धरलं की गाय मागोमाग येते. नेता आलीच नाही तर दावं सोडा आणि गोठ्याचं दार उघडं बांधून ठेवा. गाय पोहते, पण बांधलेली असेल तर बुडते. लोंबतं दोरही काढा, झुडपात अडकतं. भिजलेली गाठ फुगून घट्ट बसते, म्हणून विळा दाराशीच टांगलेला असू द्या. कानातल्या बिल्ल्याचा नंबर टिपून ठेवा.

परत आल्यावर भिजलेली पेंड किंवा बुरशीचा चारा देऊ नका. उपाशी जनावरापुढे धान्याची पाटी ठेवली तर पोटात आम्ल वाढून ते दगावू शकतं. आधी पाणी आणि कोरडी वैरण.

काजवा:
विळा आजच टांगतो. कुत्रा पुराच्या पाण्यातून चालला तर?

रानवारा:
लगेच साबणाने धुवा, चाटू देऊ नका. अशा पाण्यातून लेप्टोस्पायरोसिस (उंदरांच्या लघवीतून पसरणारा आजार) होऊ शकतो. त्याच्या लसीचे पहिले दोन डोस 2 ते 4 आठवड्यांच्या अंतराने लागतात, म्हणून पावसाळ्याआधीच डॉक्टरांना विचारा.