निन्टेन्डो ‘पॅराशूट’ (१९८१): मधल्या रांगेतली माणसं दिसत नाहीत, मदत हवी आहे

जुनाट_खेळणी: गेम अँड वॉच (निन्टेन्डोचा हातात धरून खेळायचा छोटा एलसीडी खेळ), वाइड स्क्रीन मालिका, मॉडेल पीआर-२१. हेलिकॉप्टर दिसतं, होडी सरकते, शार्कही येतात. पण मधल्या रांगेतले काही पॅराशूटवाले आणि गुणांच्या आकड्यातली एक रेघ गायब आहे. उजवं बटण दोनदा दाबावं लागतं. सेल एलआर४४ आहेत, झाकण जेमतेम बसतं. डिस्प्ले गेला का?

सोल्डरवाला: आधी ते एलआर४४ काढा! यात दोन एलआर४३ लागतात. व्यास दोन्हींचा ११.६ मिमीच, पण जाडी ४.२ ऐवजी ५.४ मिमी. जाड सेल कोंबला की पत्ती दबते आणि मग योग्य सेलही नीट टेकत नाही. पत्ती हलकेच वर उचलून घ्या. दुकानदाराला एलआर४३ कळलं नाही तर एजी१२ मागा. सिल्व्हर ऑक्साइडचा एसआर४३ मिळाला तर उत्तम, त्याचं व्होल्टेज शेवटपर्यंत फारसं उतरत नाही.

नवे सेल घातले की टूथपिकने एसीएल (रीसेटचं बारीक बटण) दाबून धरा. सगळी चित्रं एकदम उमटायला हवीत. तेव्हाही तीच गायब असतील तर चिप किंवा खेळाचा दोष शोधत बसू नका, डिस्प्लेचा संपर्क तुटलाय.

झेब्रापट्टी: सहमत. एका संपर्कावर एकाहून जास्त चित्रं असतात, म्हणून माणसं आणि आकड्याची रेघ एकत्र गेली. काच फुटली असती तर काळा डाग पसरला असता.

सेल काढून मागचे स्क्रू उघडा. स्क्रू जपानी जेआयएस घाटाचे, साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर घसरून खाच खातो. काच आणि बोर्ड यांच्यामध्ये रबराची झेब्रा पट्टी असते, तीच दोघांमधला विजेचा संपर्क जोडते. ती चिमट्याने उचला, कडांना बोट लावू नका. ९९ टक्के आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पट्टी आणि बोर्डावरचे संपर्क पुसा, पूर्ण वाळू द्या. बोर्डावर काळा कार्बन असेल तर खोडरबर चालवू नका, थर निघून येतो. काचेवरच्या पोलरायझर फिल्मला (जिच्यामुळे चित्रं दिसतात त्या पातळ पापुद्र्याला) आयपीए लागता कामा नये. पट्टी तिरकी बसली तर शेजारची चित्रंही जातील.

जुनाट_खेळणी: आणि बटण? सेलच्या खणात पांढरी पूडही दिसतेय.

सोल्डरवाला: बटणाखालचं काळं रबर आणि त्याखालचे ठसे आयपीएने पुसा, बहुतेकदा तेवढ्यानं भागतं. पूड म्हणजे अल्कलाइन सेलची गळती. कापसाच्या काडीवर दोन थेंब व्हिनेगर, मग लगेच आयपीए. व्हिनेगर बोर्डावर ओघळू देऊ नका.

झेब्रापट्टी: जोडल्यावर तपासणी गेम ए (सोप्या प्रकारा) वर करा. गेम बी मध्ये एखादा माणूस झाडात अडकून लोंबकळतो आणि उशिरा खाली पडतो, तो बिघाड नव्हे. २०० आणि ५०० गुणांना चुका पुसल्या जातात, तेही मुद्दामच ठेवलंय.