प्रतिसाद : नाकाने श्वास घेताना डिजेरिडूचा ड्रोन (सलग घुमणारा सूर) तुटतो त्याबद्दल

वर विचारलंय की ग्लासातल्या स्ट्रॉचे बुडबुडे न थांबता जमतात पण डिजेरिडूवर, म्हणजे ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींच्या त्या लांब पोकळ फुंकवाद्यावर, नाकाने श्वास ओढला की आवाज तुटतो. अहो तुटणारच, स्ट्रॉ बारीक असतो, गालातली हवा पुरते, इथे नळी रुंद आणि ओठही थरथरत ठेवायचे. आधी श्वासाचा नादच सोडा. नुसता ड्रोन धरा आणि ठेक्यावर गाल आणि जीभ मिळून हवा पुढे ढकला, 'वा...वा' असं काहीतरी ऐकू येईल, तो धक्का पक्का बसला की मग त्याच क्षणी नाकाने छोटासा श्वास. छाती रिकामी व्हायची वाट बघायची नाही, अर्धी भरलेली असतानाच घ्यायचा. आणि उलटंही होतं बरं का, सारखे छोटे श्वास घेऊन छाती तुडुंब भरते नि तरी गुदमरतं, तेव्हा मध्येच एक जोरदार आवाज काढून जादा हवा सोडून द्यायची.

शिकायला महागडं वाद्य लागतंच असं वर म्हटलंय, ते काही पटलं नाही. दीड इंची पीव्हीसी पाइप, साधारण १३० सेंटीमीटर, खर्जातला सी सूर मिळतो, पाइपच्या तोंडाला मधमाशीचं मेण. वाळवीने पोखरलेल्या निलगिरीच्या खोडाचं अस्सल डिजेरिडू नंतर बघू.

नाशिकमध्ये शिकवणारा शोधताय तर पेठ-सुरगाण्याकडे तारपा (आदिवासींचं भोपळ्याचं फुंकवाद्य) वाजवणाऱ्यांना भेटा ना! त्यात फुंकरीने थरथरणारी पत्ती असते, ओठांचं काम वेगळं, पण गाल नि नाकाची युक्ती तीच, आणि ते नाचत नाचत वाजवतात राव.