काचस्पंज: स्लाइडवर बारीक कंटिका (सांगाड्यातले सिलिकेचे काटे) दिसत नाहीत, गट कसा ठरवू?

कृष्णाकाठ: सांगलीतल्या आमच्या कॉलेजच्या संग्रहात एक वाळका काचस्पंज (काचेसारख्या सिलिकेच्या सांगाड्याचा समुद्री प्राणी) आहे. चिठ्ठीवर ‘यूप्लेक्टेला’ लिहिलंय, पण त्या काचस्पंजासारखी जाळीदार नळी नाही. वर कपासारखं अंग, खाली काचतंतूंचा पिळदार दोर. तुकडा ब्लीचमध्ये विरघळवला, तीनदा धुतला, ग्लिसरीनमध्ये स्लाइड केली. सहा टोकांचे मोठे काटे पुसट दिसतात, बारीक काहीच नाही. कुठे चुकतंय?

खोलपाणी: आधी ग्लिसरीन सोडा. कंटिकेतल्या सिलिकेचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो याचा आकडा) १.४६ च्या आसपास, ग्लिसरीनचा १.४७, दोन्ही जवळजवळ सारखे, मग कडा उमटणार कशा? डीपीएक्स (स्लाइड कायमची बसवायचं राळेसारखं माध्यम, अपवर्तनांक १.५२) घ्या. त्याआधी माल अल्कोहोलने धुऊन पूर्ण वाळवा, ओल राहिली तर डीपीएक्स दुधाळ होतं. घाईत असाल तर साध्या पाण्यातही छान दिसतं.

बारीक कंटिका मात्र तुम्ही बहुतेक मोरीत ओतल्यात. काही तर जेमतेम ०.०२ ते ०.०५ मिमीच्या, त्या सावकाश खाली बसतात. दर धुण्याला परीक्षानळी रात्रभर उभी ठेवा आणि वरचं पाणी ड्रॉपरने काढा, ओतू नका. डिस्टिल्ड वॉटरने चार-पाच वेळा तरी धुवा. स्लाइडवर चौकोनी स्फटिक दिसले तर ते ब्लीचमधलं मीठ. आणि ब्लीच उरलेल्या नळीत आम्ल कधीही घालू नका, क्लोरीन वायू सुटतो.

शिंपला: दोरावरून हायालोनेमा (असाच दोर असलेला काचस्पंज) वाटतो, पण यूप्लेक्टेलालाही तळाशी तंतू असतात. निकाल बारीक कंटिकाच देतात. दांडीच्या दोन्ही टोकांना दातेरी छत्री दिसली की अँफिडिस्क, म्हणजे गट अँफिडिस्कोफोरा, हायालोनेमा यातला. सहाही टोकांना फाटे फुटलेली चांदणी दिसली तर हेक्झास्टर, म्हणजे गट हेक्झास्टेरोफोरा, यूप्लेक्टेला यातला. एकाच स्पंजाच्या स्वतःच्या कंटिकांत हे दोन्ही नसतात. म्हणून शेकडो अँफिडिस्कांत एखादी चांदणी सापडली तर ती बाहेरून आलेली समजा.

बाहेरची त्वचा, आतली बाजू, मधला गर आणि दोर यांचे तुकडे वेगवेगळ्या नळ्यांत घ्या. सुरूच्या झाडासारखी झुपकेदार कंटिका, पिन्यूल, त्वचेतली की आतल्या बाजूची हे पुढे जातीपर्यंत जाताना लागतं. एकत्र कालवलं की ते कायमचं गेलं. प्रत्येक प्रकारच्या निदान २५ कंटिकांची मापं घ्या.

कृष्णाकाठ: दोरावर खरखरीत सालीसारखा थर आहे. तोही घेऊ?

शिंपला: नको. तो बहुधा झोअँथिड, दोरावर वाढणारा वेगळाच प्राणी. तो वाळू आणि परक्या कंटिका अंगात भरून घेतो. त्या भागापासून दूरचा, उघडा तंतू कापा.